माडीची सागवानी जमीन घरीच घासायची तर: दोन सँडर आणि तीन फिनिश, पारखून

साताऱ्याच्या शनिवार पेठेत, वाईच्या गंगापुरीत किंवा सांगलीच्या गावभागात जुन्या घराची माडी चढून गेलं की पायाखाली बऱ्याचदा सागाच्या इंचभर जाड फळ्या लागतात. आठ-दहा इंच रुंद, वाशांवर खिळ्यांनी ठोकलेल्या. कुठे पिढ्यान्‌पिढ्या शेणानं सारवलेल्या, कुठे मेण चोळलेल्या, कुठे लाखेचं पॉलिश, आणि कुठे वरून लाल ऑइल पेंट. ही तक्तपोशी उखडून टाइल बसवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकण्याआधी एक इंच सागाचा आज बाजारात भाव काय आहे ते विचारून या. लाकूड खालून शाबूत असेल तर दहा बाय पंधराची खोली दोन माणसं पाच-सहा दिवसांत स्वतः नवी करू शकतात.

त्यासाठी लागणारी दोन मशीनं आणि वर लावायची तीन फिनिशं इथे पारखली आहेत. मत आधीच सांगतो: ऑर्बिटल सँडर (गोल चकतीनं घासणारं मशीन) विकत घ्या, बेल्ट सँडर (फिरत्या पट्ट्यानं घासणारं) कामापुरता आणा, आणि रुंद फळ्यांच्या जुन्या जमिनीवर पीयू (पॉलीयुरेथेनचं पॉलिश) लावू नका. यातला तिसरा सल्ला हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सल्ल्याच्या उलट आहे, म्हणून त्याची कारणं पुढे सविस्तर दिली आहेत.

मशीन आणण्याआधी अर्धा दिवस गुडघ्यावर बसून काढावा लागतो. प्रत्येक फळीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. आवाज पोकळ आला की टोक टोचून बघा, आत मऊ लागलं तर वाळवी किंवा भुंगेरा आहे, आणि आधी त्याचा बंदोबस्त. फळी पाय दिल्यावर करकरत असेल तर ती वाशाला स्क्रूनं आवळा, पण स्क्रूचं डोकं पूर्ण आत बसेल असा खड्डा करून. जुने खिळे उपटायच्या भानगडीत पडू नका, लाकूड फाटतं. पंच आणि हातोडीनं प्रत्येक खिळा तीन मिलिमीटर खाली घाला. एक खिळा राहिला तरी सँडरचा पट्टा टर्रकन फाटतो आणि ठिणगी पडते, आणि शेजारी पिशवीत कोरडा भुसा असतो.

मग आधीचं फिनिश ओळखायचं. कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाका. मिनिटभरात चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश. एनसी थिनरनं विरघळलं तर लॅकर. टर्पेंटाइनच्या फडक्यावर तपकिरी-पिवळा चिकट डाग आला आणि नखानं पांढुरकी रेघ उमटली तर मेण. मेणाला सर्वांत जास्त घाबरायचं, कारण ते घासल्यानं निघत नाही, तापून लाकडात आणखी उतरतं आणि नंतर वरच्या थराला माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पाडतं. मेण असेल तर आधी टर्पेंटाइन आणि फडकी, तीन-चार वेळा, फडकं स्वच्छ येईपर्यंत.

ऑइल पेंट असेल तर थांबा. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं असंच धरून चाला. असा रंग कोरडा घासायचा नाही. पेंट रिमूव्हर लावून, फुगला की पत्रीनं ओला खरवडून काढायचा, आणि तेवढे दिवस लहान मुलं आणि गरोदर बाई त्या घरात नकोत. यात तडजोड नाही.

आता मशीनं. पहिलं बेल्ट सँडर, मकिता ९४०३. पट्टा १०० बाय ६१० मिलिमीटर, मोटर १२०० वॉट, पट्ट्याचा वेग मिनिटाला ५०० मीटर. सारवणाचा दगडासारखा घट्ट झालेला पापुद्रा, वर्षानुवर्षांचं पॉलिश, आणि कडा वर उचलून मधे वाटीसारख्या झालेल्या फळ्या, ही तीन कामं याच जातीच्या मशीनची. ४० नंबरचा पट्टा (नंबर जितका लहान तितका कागद खरखरीत) लावून फळ्यांना तिरकं, साधारण ४५ अंशात चालवलं की उचललेल्या कडा आधी कापल्या जातात. पृष्ठभाग एका पातळीत आला की मग लाकडाच्या रेषेत दुसरा हात. काळपट थराखालून सोनेरी-तपकिरी साग वर येतो आणि खोलीत कमावलेल्या चामड्यासारखा वास भरतो.

पण हे मशीन माफ करत नाही. मिनिटाला ५०० मीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त ४० नंबरचा कागद एकाच जागी घासला जातो. हात एक सेकंद थबकला की तिथे खळगी पडते, आणि ती उघड्या डोळ्यांना दिसत नाही; फिनिश लावल्यावर खिडकीच्या उजेडात दिसते. म्हणून मशीन हवेत चालू करायचं, पुढे सरकतानाच टेकवायचं, सरकतानाच उचलायचं, आणि प्रत्येक हात आधीच्या हातावर अर्धा पट्टा चढवून घ्यायचा. वरून दाबायचं नाही, मशीनचं वजन पुरेसं आहे. पट्ट्याच्या आतला बाण आणि मशीनवरचा बाण एकाच दिशेला हवेत. पट्टा एका बाजूला सरकत असेल तर बाजूचा स्क्रू थोडा थोडा फिरवून मधे आणा, नाहीतर कडेनं मशीनची बॉडीच घासली जाते.

विजेचा हिशेबही बघा. १२०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला सव्वापाच अँपिअर. जुन्या घरातल्या पाच अँपिअरच्या साध्या प्लगवर ते लावू नका, पंधरा अँपिअरच्या पॉइंटवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढा, आणि ती वायर गुंडाळी सोडवून पूर्ण पसरा. बारीक वायरवर व्होल्टेज पडतं, मोटर रडते आणि तापते. लोक मशीनला दोष देतात, दोष वायरचा असतो.

या मशीनला पाचपैकी साडेतीन. ताकदीसाठी पूर्ण गुण, पण नवख्या हातात देताना काळजी वाटतेच. आधी जुन्या दारावर किंवा पलंगाच्या फळीवर तासभर सराव करा. ज्यांची जमीन सपाट आहे आणि वर फक्त पातळ जुनं पॉलिश आहे, त्यांना हे लागतच नाही. ठेकेदारांकडचं मोठं ड्रम मशीन तर वाड्यासाठी नकोच: वजन पन्नास किलोच्या आसपास, वाड्याचा अरुंद जिना, आणि वर हलणारे वासे.

दुसरं मशीन बॉश जीईएक्स १२५-१ एई. १२५ मिलिमीटरची गोल चकती, २५० वॉट, वजन सव्वा किलोच्या जरा वर, वेग ७५०० ते १२००० फेऱ्यांमधे कमीजास्त करता येतो, आणि चकतीचा झोल, म्हणजे फिरताना ती जेवढी गोल डोलते तेवढं अंतर, २.५ मिलिमीटर. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. झोल लहान म्हणून कापणी हळू, पण ओरखडे इतके बारीक की १२० नंबरनंतर रेषेच्या आडवं घासलेलंही दिसत नाही. म्हणूनच नवशिक्यासाठी हे सर्वांत सुरक्षित मशीन. चूक करायला वेळच लागतो, तोवर हात सावरता येतो. खोलीच्या कडा आणि दाराचे उंबरे यानंच होतात. अगदी कोपरा राहतो तिथे पटाशी उलटी धरून किंवा लोखंडी खरवडणीनं.

यातही एक दुखणं आहे: शेपटीसारखे वळणदार ओरखडे. ते तीन कारणांनी पडतात. मशीन तिरपं धरलं, वरून दाबलं, किंवा आधीच्या नंबरच्या कागदाचा सुटलेला खडा जमिनीवर राहिला. शेवटचं कारण सर्वांत जास्त वेळा. म्हणून प्रत्येक नंबरनंतर व्हॅक्यूम, निव्वळ झाडू नाही. चालवायचं सेकंदाला इंचभर, इतकं सावकाश की कंटाळा येईल. पुढच्या नंबरला कधी जायचं हे ओळखायला जमिनीवर पेन्सिलनं नागमोडी रेघा मारून ठेवा. सगळ्या रेघा गेल्या की तो नंबर झाला. आणि रात्री एक बल्ब जमिनीवर आडवा ठेवून बघा, दिवसा लपलेले सगळे ओरखडे सावल्या टाकतात. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण फक्त वेळेचा: हे एकटं वापरलं तर १५० चौरस फुटांना तीन दिवस धरा.

कागदाचा क्रम ४०, ६० किंवा ८०, मग १२०. तिथे थांबायचं. गुळगुळीत म्हणून १८० किंवा २२० पर्यंत गेलात तर लाकडाचं तोंड मिटतं, तेल आत शिरत नाही आणि वरचा थर पकड घेत नाही. फर्निचरचे सुतार ३२० पर्यंत जातात, ते टेबलासाठी ठीक आहे. १५० चौरस फुटांना साधारण हिशेब असा: बेल्टचे ४० नंबरचे सहा पट्टे, ८० चे चार, चकत्या ६० आणि ८० च्या मिळून वीस, १२० च्या बारा. कागद बोथट झाला की लोक दाबायला लागतात, आणि तिथूनच सगळं बिघडतं. चकती बदलण्यात कंजुषी करू नका. साग तेलकट असल्यानं कागद लवकर भरतो. क्रेप सोलच्या जुन्या चपलेचा तुकडा चालू पट्ट्यावर टेकवला तर भरलेला कागद साफ होऊन पुन्हा कापायला लागतो.

माडीची म्हणून एक खास गोष्ट. फळ्यांच्या फटींतून सगळा भुसा खालच्या खोलीत पडतो, आणि नंतर फिनिशही गळतं. खालची खोली रिकामी करा, कडीपाटाखाली प्लास्टिकचा कागद ताणून बांधा. देवघर खाली असेल तर देव आधी दुसरीकडे हलवा. घासताना एन-९५ मास्क लागतोच, सागाच्या भुशानं अनेकांना दमा आणि अंगावर पुरळ उठतं.

ताजा घासलेला साग बघून घाबरायचं कारण नाही. एक फळी हिरवट, एक काळपट, एक फिकट अशी ठिगळं दिसतात. खिडक्या उघड्या ठेवून दोन-तीन दिवस उजेड लागला की रंग बराचसा एकसारखा होतो. लोखंडी खिळ्यांभोवतीचे निळसर-काळे डाग मात्र उजेडानं जात नाहीत, तो लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचा संयोग आहे. लिटरभर गरम पाण्यात ८० ते १०० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून. ब्रशनं फक्त डागावर लावायचं, वाळलं की दोनदा ओल्या फडक्यानं पुसून काढायचं. राहिलेले पांढरे कण घासू नका, ती पूड छातीत जाणं वाईट.

फटींबद्दल. हे काम बहुतेक जण चैत्र-वैशाखात काढतात, आणि ते बरोबर आहे. पण त्याच दिवसांत फळ्या सर्वांत सुकलेल्या आणि फटी सर्वांत रुंद असतात. हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातलं पाणी सहा टक्क्यांच्या आसपास येतं, ८० टक्के आर्द्रतेत ते सोळावर जातं. सागाची आडवी कापलेली फळी (टोकाला वलयं आडवी दिसतात ती) पाण्याच्या दर टक्क्याला रुंदीच्या सुमारे ०.२ टक्के फुगते. म्हणजे आठ इंची फळी आठ टक्क्यांवरून चौदावर गेली की जवळजवळ अडीच मिलिमीटर वाढते. उभ्या रेषेची असेल तर त्याच्या निम्मी. मे महिन्यात फेविकॉल आणि भुसा कालवून फटीत ठासलेली लांबी (भराव) श्रावणापर्यंत चेपून वर निघते ती याचमुळे. दोन मिलिमीटरच्या आतल्या फटी तशाच सोडा. त्याहून मोठ्या फटीत सागाची पातळ पट्टी रंधून बसवा आणि ती एकाच फळीला चिकटवा, दुसरी बाजू मोकळी. बारीक काम आहे, पण एकदाच.

आता पीयू का नको, ते याच आकड्यांत आहे. दोन डब्यांचा, म्हणजे हार्डनर मिसळायचा पीयू लागतो सुंदर, काच दिसावी तसा. पाणी, चहा, डाळ काही डाग पाडत नाही. पण तो फटीत उतरून शेजारच्या फळ्या एकमेकींना चिकटवतो. पाच-सहा फळ्यांचा एकच पाट तयार होतो. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या मिळून आकसतात आणि पाटाच्या शेवटच्या जोडावर करंगळी जाईल एवढी एकच फट उघडते, किंवा फळीच मधून चिरते. अरुंद, खाच-जिभेच्या नव्या फळ्यांवर हा धोका कमी. पाचगणी-महाबळेश्वरच्या बंगल्यांतली अरुंद पट्ट्यांची जमीन असेल आणि वर्दळ खूप असेल तर पीयूचा विचार जरूर करा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, तिथे ओल्या पायांना टिकणारं फिनिश हवंच.

पीयू घ्यायचाच तर दुकानात ‘जमिनीचा’ म्हणून मागा. फर्निचरचा पीयू जमिनीवर मारला तर खुर्चीच्या पायाखाली पांढरे ओरखडे उठतात. मेलामाइन तर मुळीच नाही, जोडाजोडांवर तडकतं. सागातलं तेल पीयूला नीट वाळू देत नाही, म्हणून लावण्याआधी पीयू थिनरच्या पांढऱ्या फडक्यानं पूर्ण जमीन पुसायची आणि तासाभरात पहिला हात मारायचा. दुसऱ्या दिवशी आतलं तेल पुन्हा वर आलेलं असतं. मिश्रणाचं प्रमाण डब्यावरचं, मोजपात्रानं, अंदाजानं नाही. एका लिटरला एका हातात ९० ते १०० चौरस फूट, तीन हात, म्हणजे १५० फुटांना पाच लिटर. सकाळी सात ते दहा हीच वेळ. एप्रिलच्या दुपारी थिनर इतक्या लवकर उडतो की ब्रशच्या रेघा आणि बुडबुडे तसेच गोठतात. कडा ब्रशनं, मधलं पाच-सहा मिलिमीटर लवेच्या रोलरनं. स्पंजचा रोलर बुडबुडे करतो. आणि हार्डनरमधे आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, एन-९५ त्याला काहीच अडवत नाही. सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज असलेला मास्क हवा. गॅस, देवाजवळचा दिवा, उदबत्ती सगळं बंद. आमच्या मते माडीसाठी पाचपैकी दोन, अरुंद पट्ट्यांसाठी चार.

पीयू नको तर काय, याचं उत्तर हार्ड वॅक्स ऑइल. तेल आणि कठीण मेण यांचं मिश्रण, लाकडात मुरतं, वर जाड पापुद्रा धरत नाही, म्हणून फळ्या मोकळ्या राहतात. लिटरला एका हातात २० ते २५ चौरस मीटर, म्हणजे १५० चौरस फुटांना दोन हात मिळून दीड लिटर पुरे. डबा महाग वाटतो, पण चौरस फुटाचा हिशेब केला की पीयूच्या जवळपासच येतो. यात चूक एकच होते आणि ती सगळे करतात: जास्त लावतात. दोन चमचे तेल ओतून पांढऱ्या पॅडनं हातभर जागेत रगडायचं, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या सुती फडक्यानं जेवढं निघेल तेवढं पुसायचं. बोट फिरवल्यावर ओलं लागता कामा नये. जादा राहिलं तर आठवडाभर चिकचिकतं आणि धूळ धरतं. दुसरा हात चोवीस तासांनी. तिसऱ्या दिवशी अनवाणी वापर, सामान आठवड्यानं, सतरंजी पंधरा दिवसांनी. पाचपैकी साडेचार, आणि रुंद फळ्यांच्या प्रत्येक माडीसाठी आमची पहिली पसंती.

तिसरं फिनिश बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. ते स्वस्त आणि कुठेही मिळतं. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, वीस मिनिटांनी पुसून, पुढचे दोन हात दोन-दोन दिवसांच्या अंतरानं. रंग मधासारखा गडद होतो. पण पाण्याला ते फार टिकत नाही, आणि पावसाळ्यात बंद खोलीत त्यावर बुरशी धरते. फार वापर नसलेल्या खोलीसाठी ठीक, पाचपैकी तीन. कच्चं जवसाचं तेल मात्र लावू नका, ते आठवडेच्या आठवडे वाळत नाही.

दोन्ही तेलांची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं, आणि जुनं घर म्हणजे सगळं लाकूडच. बादलीत पाण्यात बुडवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा. सँडरची भुशाची पिशवीही संध्याकाळी घराबाहेर रिकामी करा.

सांगलीत २०१९ च्या पुरात भिजलेल्या फळ्या अजून घासायच्या राहिल्या असतील तर आधी मॉइश्चर मीटर लावा. कडा उचललेल्या फळीत आत ओल असताना ती सपाट घासली तर पूर्ण सुकल्यावर ती उलटी, मधे फुगून बसते, कारण कडा तुम्ही कापलेल्या असतात. मीटर बारा टक्क्यांखाली आणि दोन महिने स्थिर, मगच सँडर.

तेलाच्या जमिनीची देखभाल अगदी थोडी आहे: पिळून घेतलेलं फडकं, फिनाइल नाही, सोडा नाही. दाराजवळचा चालण्याचा पट्टा दोन-तीन वर्षांत फिका पडतो. तेवढाच भाग १२० नंबरनं हातानं घासायचा, चमचाभर तेल, पुसून काढायचं. शेजारच्या फळीशी जोड दिसत नाही. पीयूत अशी ठिगळं लावता येत नाहीत. तिथे पूर्ण खोली पुन्हा घासावी लागते, आणि प्रत्येक घासणीत अर्धा ते एक मिलिमीटर साग जातो.